ठाण्यातील पर्यावरण कायद्याचा शनिवार वर्ग : सहा बैठकांनंतरचा अभिप्राय

जून २०२५ मध्ये नेरुळमधील आमच्या सोसायटीच्या मागे, खारफुटीच्या कडेला, रात्री डंपर येऊ लागले आणि राडारोडा टाकू लागले. पावसाळा संपेपर्यंत त्या राडारोड्याचा एक बांधच तयार झाला, भरतीचे पाणी आत येणे थांबले आणि दिवाळीनंतर आतील तिवरांची पाने पिवळी पडू लागली. सोसायटीची सचिव या नात्याने मी तक्रारी केल्या, पोचपावत्या घेतल्या आणि एका कार्यालयाने दुसऱ्याकडे, दुसऱ्याने तिसऱ्याकडे पाठवलेल्या पत्रांच्या प्रती एका फाइलमध्ये लावत गेले. ही फाइल जाड होत असताना कायद्याने दिलेली मुदत संपत चालली आहे, हे मला माहीत नव्हते. ते मला ज्या वर्गात कळले, त्या वर्गाविषयी हा अभिप्राय आहे.

ठाण्यात नौपाडा भागातील एका सभागृहात काही वकिलांनी मिळून जानेवारी आणि फेब्रुवारी २०२६ मधील सहा शनिवारी पर्यावरण कायद्याचा हा वर्ग चालवला. वेळ दुपारी तीन ते साडेपाच, शुल्क तीन हजार रुपये, त्यात एक छापील पुस्तिका, चहा आणि शेवटच्या शनिवारची खाडीकाठची भेट धरलेली. कायद्याची पदवी आवश्यक नाही, असे जाहिरातीत स्पष्ट लिहिले होते आणि ते खरेही होते. वर्गात सोसायट्यांचे पदाधिकारी, ऐरोलीच्या एक शिक्षिका, विधी शाखेचे काही विद्यार्थी, दिव्याहून येणारे एक निवृत्त रेल्वे कर्मचारी असे तीसेक जण होते. या अभिप्रायात मला काही उणिवा स्पष्टपणे मांडायच्या आहेत आणि संयोजक हे काम नफ्यासाठी करत नाहीत, म्हणून त्यांचे नाव येथे देत नाही.

पहिली बैठक मला निराश करणारी वाटली. १९७२ ची स्टॉकहोम परिषद, १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत आलेले अनुच्छेद ४८-अ आणि ५१-अ (छ), १९८४ ची भोपाळ दुर्घटना आणि तिच्यानंतर आलेला १९८६ चा पर्यावरण (संरक्षण) कायदा, मग १९९२ ची रिओ परिषद, एवढ्यात जवळजवळ अडीच तास गेले. हा इतिहास महत्त्वाचा आहे, हे मला मान्य आहे. पण तो पुस्तिकेतही होता आणि घरी वाचता आला असता. समोर बसलेल्या प्रत्येकाच्या मनात एक विशिष्ट जागा होती, कुणाची टेकडी, कुणाचे तळे, कुणाच्या गल्लीत रात्री येणारा रसायनांचा वास, आणि त्या जागेपर्यंत पोहोचायला वर्गाला एक संपूर्ण शनिवार वाट पाहावी लागली.

त्या दिवशी अखेरच्या दहा मिनिटांत मात्र शिकवणाऱ्या मॅडमनी फळ्यावर तीन ओळी लिहिल्या आणि त्यांनी मला जागीच खिळवून ठेवले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायदा, २०१० : कलम १४ खाली पर्यावरणाचा वाद न्यायाधिकरणापुढे न्यायचा असेल तर कारण प्रथम घडल्यापासून सहा महिने, कलम १६ खाली मंजुरीच्या आदेशाविरुद्ध अपील करायचे असेल तर आदेश कळल्यापासून तीस दिवस, कलम १५ खाली नुकसानभरपाई किंवा उद्ध्वस्त जागेचे पुनरुज्जीवन मागायचे असेल तर पाच वर्षे. तिन्ही बाबतींत पुरेसे कारण दाखवल्यास आणखी साठ दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते, त्यापुढे नाही. मी वहीत जूनपासून बोटे मोजली. सहा महिने डिसेंबरमध्येच संपले होते. साठ दिवसांतले जवळजवळ तीस गेले होते.

चहाच्या वेळी मी फाइल दाखवली तेव्हा मॅडम म्हणाल्या, "ताई, कार्यालयांकडे केलेल्या तक्रारींमुळे मुदत थांबत नाही. मात्र उशीर का झाला, हे सांगताना याच पोचपावत्या तुमच्या कामी येतील." ही एक गोष्ट प्रत्येक गृहनिर्माण संस्थेच्या सूचना फलकावर लावण्याजोगी आहे. आपल्याकडे लोक तक्रार करतात, उत्तराची वाट पाहतात, स्मरणपत्र पाठवतात आणि आपण कायदेशीर मार्गानेच चाललो आहोत अशा समजुतीत राहतात. प्रत्यक्षात न्यायाधिकरणाच्या दृष्टीने मुदतीचे दिवस पहिल्या डंपरपासून मोजले जात असतात.

दुसऱ्या बैठकीचा विषय होता पर्यावरण मंजुरी, आणि याच बैठकीत या वर्गाची सर्वांत गंभीर उणीव दिसली. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार ठरावीक प्रकल्पांना काम सुरू करण्यापूर्वी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. बांधकामांच्या बाबतीत २० हजार चौरस मीटरपासून ही अट लागू होते. काम आधी सुरू करून मंजुरी नंतर घेण्याची वाट २०१७ ची एक अधिसूचना आणि २०२१ चे एक कार्यालयीन ज्ञापन यांनी उघडून दिली होती. १६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'वनशक्ती' संस्थेच्या याचिकेवर ही दोन्ही रद्द केली आणि पश्चात मंजुरी हा प्रकार कायद्याशी विसंगत ठरवला. पुस्तिकेत हा निर्णय चौकटीत, अंतिम शब्द असल्यासारखा छापलेला होता. वस्तुस्थिती अशी की १८ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्याच तीन न्यायाधीशांच्या पीठाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तो निर्णय मागे घेतला आणि प्रकरण नव्याने सुनावणीसाठी ठेवले. सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती के. विनोद चंद्रन बहुमतात होते. मूळ निर्णय देणाऱ्या पीठावरील न्यायमूर्ती उज्ज्वल भुयान यांनी भिन्नमत नोंदवले.

मला हे वृत्तपत्रातून माहीत होते, म्हणून मी विचारले. शिकवणाऱ्या सरांनी चूक लगेच मान्य केली आणि पुस्तिका दिवाळीपूर्वी छापली गेल्याचे सांगितले. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला आदर आहे. तरीही जानेवारीत पुस्तिका हातात देताना एक दुरुस्तीचा कागद आत ठेवता आला असता. समोरच्या तीस जणांपैकी कुणी तो निर्णय आधार मानून अर्ज लिहिला असता तर त्याचा अर्ज पहिल्याच सुनावणीत अडखळला असता. पर्यावरण कायद्यातील आजची खरी अडचण मला येथे दिसते. कायदा आहे की नाही, हा प्रश्न मागे पडला असून आज सकाळी तो कोणत्या अवस्थेत आहे, हे सामान्य नागरिकाला समजणे अवघड झाले आहे. मे महिन्यात एक स्थिती, नोव्हेंबरमध्ये दुसरी. जानेवारी २०२५ मध्ये औद्योगिक शेड, शाळा आणि महाविद्यालये यांना मंजुरीतून सूट देणारी अधिसूचना निघते आणि ५ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालय ती सूट रद्द करते, पण त्याच अधिसूचनेचा उर्वरित भाग कायम ठेवते. अशा काळात या विषयाच्या पुस्तिकेच्या प्रत्येक पानावर तारीख असायलाच हवी.

या बैठकीतील एका माहितीने मात्र वर्गात बराच वेळ शांतता पसरली. २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या उद्योगांसाठी जनसुनावणी बंधनकारक आहे, परंतु इमारती, टाउनशिप आणि क्षेत्रविकास प्रकल्प यांना सर्वसाधारणपणे जनसुनावणीची अट नाही. घोडबंदर रस्त्यालगत राहणाऱ्या एका गृहस्थांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. ज्या शहरांत पर्यावरणावरचा सर्वांत मोठा भार बांधकामांचा आहे, तेथील रहिवाशांना त्या बांधकामांविषयी सुनावणीत बोलण्याचा हक्कच मुळात दिलेला नाही, हे त्यांच्याप्रमाणे मलाही त्या दिवशीच समजले.

तिसरी बैठक या संपूर्ण वर्गाचे शुल्क वसूल करणारी होती. विषय होता खाडी, कांदळवन म्हणजे खारफुटीचे जंगल, आणि पाणथळ. मुंबई उच्च न्यायालयाचा १७ सप्टेंबर २०१८ चा कांदळवनांविषयीचा निर्णय मॅडमनी परिच्छेदागणिक वाचून मराठीत समजावला. कांदळवनांचा नाश हा अनुच्छेद २१ ने दिलेल्या जगण्याच्या हक्कावरील आघात आहे. जमीन कोणाच्याही मालकीची असो, कांदळवन तोडता येणार नाही. कांदळवनाभोवती पन्नास मीटरच्या पट्ट्यात बांधकाम करता येणार नाही. सार्वजनिक हिताचे काम असले तरी उच्च न्यायालयाची परवानगी लागेल. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी सुमारे २२ हजार कांदळवृक्ष तोडण्याची परवानगी डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाकडून का घ्यावी लागली, याचा उलगडा त्यातून होतो. २०१८ चा हा निर्णय देणाऱ्या पीठाचे प्रमुख न्यायमूर्ती अभय ओक होते आणि मे २०२५ चा पश्चात मंजुरीविषयीचा निर्णयही त्यांच्याच पीठाचा. ओक यांनी वकिलीची सुरुवात ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात, वडिलांच्या कार्यालयातून केली होती. वर्गातील ठाणेकरांच्या चेहऱ्यावर हे ऐकताना जो अभिमान उमटला तो मला फार भावला, कारण कायदा दिल्लीत घडतो आणि आपण फक्त त्याचे परिणाम सोसतो, ही समजूत त्या क्षणी थोडी सैल झाली.

त्यानंतर मॅडमनी या निर्णयाशेजारी २०१९ ची किनारा नियमन क्षेत्र अधिसूचना ठेवली. तिच्यात १००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनाभोवती पन्नास मीटरचा पट्टा सांगितला आहे, पण खाजगी जमिनीवरील कांदळवनाला असा पट्टा लागणार नाही असेही म्हटले आहे. खाडीकाठचे नियमन क्षेत्र २०११ मध्ये शंभर मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतके, यांपैकी जे कमी असेल ते, असे होते. २०१९ मध्ये शंभराचे पन्नास झाले. म्हणजे न्यायालय मालकीकडे पाहू नका म्हणते आणि अधिसूचना मालकी पाहून संरक्षण कमी करते. ठाणे खाडीच्या दोन्ही तीरांवर राहणाऱ्यांसाठी हा फरक पन्नास पावलांचा आहे आणि त्या पन्नास पावलांतच आमच्या मागचा बांध उभा आहे.

पाणथळ जागांचा भागही तितकाच मोलाचा होता. २०१० चे नियम जाऊन २०१७ चे नियम आले आणि त्यांत मिठागरे तसेच मानवनिर्मित जलाशयांचे अनेक प्रकार पाणथळ या व्याख्येबाहेर ठेवले गेले. नवी मुंबईतील कितीतरी पाणथळी जुन्या मिठागरांवर आणि भरतीचे पाणी आत घेणाऱ्या बांधांच्या मागे तयार झालेल्या आहेत, त्यामुळे त्यांना नैसर्गिक म्हणायचे की मानवनिर्मित, या एका शब्दावर त्यांचे भवितव्य ठरते. ठाणे खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला; परंतु भरतीच्या वेळी हे पक्षी ज्या तळ्यांवर येऊन उभे राहतात, ती तळी अभयारण्याच्या रेषेबाहेर आहेत. त्यांपैकीच एक असलेल्या नेरुळच्या डीपीएस तळ्याच्या वाट्याला आलेली अनिश्चितता आम्ही आमच्या गच्चीवरून पाहिलेली आहे, पण तिचा कायद्यातील उगम मला या बैठकीत समजला.

चौथी बैठक अर्ज लिहिण्याची होती. न्यायाधिकरणाच्या अर्जाचा नमुना प्रत्येकाला दिला गेला आणि आपापले प्रकरण त्यात बसवायला सांगितले गेले. येथे वर्गाची खरी ताकद दिसली. सर्व्हे क्रमांक कोठून मिळवायचा, सातबारावर नोंद नसेल तर काय करायचे, छायाचित्रात तारीख आणि स्थान कसे दिसले पाहिजे, भरती आणि ओहोटी अशा दोन्ही वेळची छायाचित्रे का हवीत, हे सारे हाताशी धरून शिकवले. नुकसानभरपाई मागायची नसेल तर अर्जाचे शुल्क एक हजार रुपये, मागायची असेल तर रकमेच्या एक टक्का, ही माहिती कळल्यावर अनेकांची भीती गेली. आमचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यात असले तरी अर्ज ऑनलाइन दाखल करता येतो आणि सुनावणीला दूरदृश्य पद्धतीने हजर राहता येते, हेही पुष्कळांना नवीन होते. न्यायाधिकरणाच्या कक्षेबाहेर काय आहे, हेदेखील स्पष्ट सांगितले गेले : १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि रस्त्यावरील झाडांसाठी आपल्याकडे लागू असलेला १९७५ चा महाराष्ट्र नागरी क्षेत्र वृक्ष संरक्षण कायदा हे न्यायाधिकरण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत नाहीत, म्हणून तेथे दुसरी वाट धरावी लागते.

याच बैठकीत माझ्या प्रकरणाला दिशा मिळाली. सरांच्या सल्ल्यानुसार आम्ही दोन मागण्या एकाच अर्जात मांडल्या : उशिराची माफी मागून कलम १४ खाली बांध हटवण्याचे निर्देश आणि कलम १५ खाली त्या जागेचे पुनरुज्जीवन. पहिली मागणी मुदतीच्या मुद्द्यावर फेटाळली जाऊ शकते, हे त्यांनी लपवले नाही. खोटी आशा न दाखवणारा शिक्षक मला अधिक विश्वासार्ह वाटतो.

एक तक्रार मात्र येथे नोंदवलीच पाहिजे. पुस्तिका आणि नमुने पूर्णपणे इंग्रजीत होते. न्यायाधिकरणाचे कामकाज इंग्रजीत चालते, हे खरे आहे. पण शिकण्याची भाषाही इंग्रजी असावी, असे त्यातून निघत नाही. दिव्याहून येणारे ते निवृत्त काका प्रत्येक परिच्छेद शेजारच्या विद्यार्थ्याला विचारत होते आणि त्यांचे प्रश्न वर्गातील सर्वांत नेमके प्रश्न होते. ज्यांच्या दारात ही संकटे येतात त्यांच्यासाठी पुढील तुकडीपूर्वी मराठी पुस्तिका तयार होणे मला शुल्कातील कोणत्याही सवलतीपेक्षा महत्त्वाचे वाटते.

पाचव्या बैठकीत दंड आणि हवामानबदल हे दोन विषय कोंबले गेले आणि दोन्हींना पुरेसा न्याय मिळाला नाही. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) कायद्यातील पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची मूळ शिक्षा काढून तिच्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आणला आणि हा दंड न्यायालयाऐवजी शासनाचा वरिष्ठ अधिकारी ठरवतो. दंड न भरल्यासच तुरुंगाचा प्रश्न येतो. मोठ्या भूखंडाच्या किमतीपुढे पंधरा लाख रुपये म्हणजे काय, हे नवी मुंबईत कुणाला समजावून सांगण्याची गरज नाही. त्याला उतारा म्हणून सरांनी ४ ऑगस्ट २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय सांगितला, ज्यात जल आणि वायू कायद्यांखाली प्रदूषण नियंत्रण मंडळे पर्यावरणाची हानी भरून काढण्यासाठी रक्कम वसूल करू शकतात, असे ठरले. दंड ही शिक्षा आणि हानीची भरपाई ही वेगळी जबाबदारी, हा भेद समजायला एक पूर्ण तास हवा होता. आम्हाला वीस मिनिटे मिळाली. माळढोक पक्ष्याच्या संरक्षणाविषयीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २१ मार्च २०२४ च्या निर्णयात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क अनुच्छेद १४ आणि २१ मधून मान्य झाला, पण आपल्याकडे हवामानाविषयीचा स्वतंत्र सर्वसमावेशक कायदा नाही, एवढ्यावर तो विषय आटोपला.

सहावा शनिवार खाडीकाठचा. ऐरोलीच्या बाजूला आम्ही ओहोटीच्या वेळी उभे होतो, समोर चिखलावर फ्लेमिंगो चरत होते आणि एक कोळी काका आमच्याशी बोलायला थांबले. एका ठिकाणच्या बांधाकडे हात करून ते म्हणाले, "पाणी आत येतच नाय आता, मंग चिंबोरी येल कशी?" तिसऱ्या बैठकीत आम्ही अडीच तास जे शिकलो, ते सारे या वाक्यात होते. भरतीचा प्रवाह अडवला की झाड कुऱ्हाडीशिवाय मरते, आणि पंचनाम्यात तोडलेले एकही झाड दिसत नाही. मी संयोजकांना सुचवले आहे की अशा एखाद्या मच्छीमाराला पहिल्याच शनिवारी, त्याचा वेळ आणि मोबदला यांचा योग्य मान राखून, वर्गात बोलवावे. इतिहासाचे अडीच तास त्याला द्यावेत.

व्यवस्थेविषयी थोडेसे : सभागृह दुसऱ्या मजल्यावर आहे आणि उद्वाहन नाही, त्यामुळे गुडघेदुखी असणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावे. ठाणे स्थानकातून चालत पंधरा मिनिटे लागतात. वर्ग वेळेवर सुरू होतो, प्रश्नांना कुणी घाई करत नाही, आणि सहा बैठकांनंतरही शिकवणारे फोन उचलतात.

ज्यांच्याकडे एखादी ठोस जागा, ठोस तक्रार आणि थोडी चिकाटी आहे, त्यांनी हा वर्ग नक्की करावा. पुस्तिकेतील प्रत्येक निर्णयाची आजची स्थिती स्वतः तपासावी आणि पहिल्या दिवशी आपली फाइल बरोबर न्यावी. आमचा अर्ज फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, साठ दिवसांची सवलत संपण्यापूर्वी, ऑनलाइन दाखल झाला. त्याला सोळा छायाचित्रे जोडली आहेत, आठ भरतीची आणि आठ ओहोटीची, प्रत्येक तारखेसह.